त्यांची डिस्टिलरी आणि आपली हातभट्टी

पंचशील घेतलेल्या माणसांनी दारूच्या कारखान्यात पाऊल ठेवावे का? अमेरिकेहून परतल्यापासून हा प्रश्न आम्हाला बैठकांमध्ये वारंवार विचारला जातो आहे. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तर "दारू ती दारूच, तिच्यात बघायचं काय?" असे म्हणून विषयच मिटवला. आमच्या मते तो मिटलेला नाही. दारू ती दारूच असती, तर ती गाळणाऱ्या एकाच्या दारात तिकीट काढून पर्यटक आणि दुसऱ्याच्या दारात काठी घेऊन पोलीस, असे झाले नसते. आम्ही गेलो ते बरेच केले. तिथे जे दिसले ते आपल्या चळवळीतल्या एका जुन्या गोंधळाशी थेट जोडलेले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मेरीलंड राज्यातल्या अ‍ॅकोकीक गावी आंबेडकर इंटरनॅशनल सेंटरच्या जागेत १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांच्या १९ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले, हे बहुतेक वाचकांना माहीत आहे. तिथल्या एका कार्यक्रमाच्या निमित्ताने आम्ही काही कार्यकर्ते गेलो होतो. यजमान मंडळी आयटीतली, नागपूर-पुण्याकडून गेलेली, घरात रोज वंदना होणारी. रविवारी त्यांनी आम्हाला तासाभराच्या अंतरावरच्या एका शेतात नेले. जुन्या गोठ्याचे रूपांतर केलेल्या इमारतीत एका अंगाला बिअर बनते, दुसऱ्या अंगाला व्हिस्की. याला तिकडे क्राफ्ट ब्रुअरी आणि डिस्टिलरी म्हणतात. क्राफ्ट म्हणजे कसब. मोठ्या कंपनीचा माल नाही, थोडा माल, हाताने आणि जिभेने पारखून केलेला, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे हुरडा पार्टीला जावे तशी माणसे मुलाबाळांसह, कुत्र्यांसह तिथे आली होती.

फिरवून दाखवणारा तरुण दाढीवाला, बोलका होता. चाखायच्या चार छोट्या ग्लासांची फळी त्याने पुढे केली आणि आम्ही नको म्हटल्यावर विचारले, "गाडी तुम्ही चालवणार आहात का?" न पिण्याचे दुसरे काही कारण असू शकते हे त्याला सुचले नाही. यजमानांनी सांगितले की आम्ही बौद्ध आहोत. तो म्हणाला, त्याच्या ओळखीचे बरेच बौद्ध पितात. असो.

पण माणूस आपल्या कामात पक्का होता. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली का, हे त्याने फार सोपे करून सांगितले. व्हिस्की म्हणजे मुळात उकळून वाफ धरलेली बिअर. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. ते भरड साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात ठेवले की पिठुळातली साखर मोकळी होते. त्या गोड पाण्यात हॉप्सची कडू फुले घालून उकळले, गार करून यीस्ट टाकले की बिअर. हॉप्स न घालता तेच पाणी आंबवले आणि तांब्याच्या भांड्यात तापवले की व्हिस्कीची सुरुवात. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला. त्यामुळे मद्यार्काची वाफ आधी निघते, ती गार पाण्यातल्या नळीतून नेली की थेंब थेंब पडते. सुरुवातीचा भाग ते बाजूला काढतात, मधला ठेवतात, शेवटचा पुन्हा वेगळा करतात. म्हणून धान्य एक, भरडण्याचे यंत्र एक, आंबवण्याच्या टाक्या एकाच जातीच्या, फक्त परवाने दोन. उरलेला चोथा शेजारच्या शेतकऱ्याच्या गायींना.

आमच्यात एक ताई होत्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कंजारभाट वस्तीत त्यांनी बरीच वर्षे काम केले आहे. सगळे ऐकून घेतल्यावर त्या तांब्याच्या भांड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही तर भट्टीच की." मग त्यांनी आम्हाला मराठीत उलटा दौरा घडवला. हा आपला बॅरल. ती टाकी म्हणजे सडव्याचा ड्रम, फक्त जवाऐवजी काळा गूळ आणि वर नवसागर. गार पाण्याची नळी म्हणजे वरचं घमेलं, ज्यातलं पाणी सारखं बदलावं लागतं. आणि गंमत बघा, हे लोक पहिला भाग फेकून देतात, आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हटलं की ती सगळ्यात भारी! हे बोलून झाल्यावर त्यांनी यजमानांना सांगितले, "याला विचारा, इथं धाड कधी पडते?"

यजमानांनी भाषांतर केले. तरुणाला प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाला की सरकारी निरीक्षक येतो, वह्या तपासतो, कर भरला की नाही बघतो आणि जातो. ताईंनी मान हलवली. त्यांच्या वस्तीत वह्या तपासत नाहीत. सडवा ओततात, भांडी फोडतात, ६५ ई लावतात, आणि जाताना पुढच्या महिन्याचा हप्ता ठरवून जातात.

चाखायच्या खोलीत एका भिंतीवर मालकाच्या घराण्यातल्या एका पूर्वजाचा जुना फोटो लावलेला होता. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत देशभर दारूबंदी होती. तेव्हा हा गृहस्थ रानात लपून दारू गाळायचा, आणि ही गोष्ट बाटलीच्या लेबलावर अभिमानाने छापली आहे. तिकडे अशा बऱ्याच कारखान्यांची हीच कहाणी असते: आजा चोरून गाळायचा, नातू परवान्यावर गाळतो, आणि आजाचा गुन्हा हा नातवाच्या धंद्याचा ब्रँड. आता हेच कंजारभाट वस्तीत ठेवून बघा. आजीवर गुन्हा होता, आईवर गुन्हा आहे, आणि नातू पोलीस भरतीला गेला की चारित्र्य पडताळणीत वस्तीचे नाव वाचूनच साहेबाची भुवई वर जाते. रानात भट्टी लावलेल्या दोन पूर्वजांपैकी एक वारसा आणि दुसरा कलंक कसा होतो? रसायनशास्त्र तर दोन्हीकडे तेच आहे.

दुसऱ्या दिवशी याचे उत्तर नदीपलीकडे सापडले. अ‍ॅकोकीकच्या समोर, पोटोमॅक नदीच्या दुसऱ्या काठावर माउंट व्हर्नन आहे, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनची इस्टेट. बाबासाहेबांचा पुतळा एका तीरावर आणि अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा वाडा दुसऱ्या तीरावर, हा योगायोग आमच्या यजमानांना फार आवडतो. आम्हाला वाड्यापेक्षा तिथून तीनेक मैलांवर असलेली वॉशिंग्टनची डिस्टिलरी बघण्यात रस होता. जेम्स अँडरसन नावाच्या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या सल्ल्याने ती १७९७ मध्ये सुरू झाली. पाच भट्ट्या होत्या. १७९९ मध्ये तिने जवळजवळ ११,००० गॅलन व्हिस्की काढली, आणि ती तेव्हाच्या देशातल्या सर्वांत मोठ्या डिस्टिलऱ्यांपैकी एक होती. १८१४ मध्ये ती जळाली. २००७ मध्ये मूळ जागेवर पुन्हा बांधून लोकांसाठी उघडली. आज तिथे जुन्या पद्धतीने, लाकूड जाळून, थोडी व्हिस्की गाळतात आणि ती महागड्या भावात विकतात. धान्याचे प्रमाणही तेच जुने: ६० टक्के राय, ३५ टक्के मका, ५ टक्के मोड आलेले जव.

ती व्हिस्की गाळत कोण होते? हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमोथी. हे सहा गुलाम. त्यांची नावे कागदोपत्री आहेत आणि तिथे सांगितलीही जातात, ही गोष्ट चांगली आहे. आडनावे नाहीत. लाकूड फोडणे, पाणी आणणे, सडवा ढवळणे, आच सांभाळणे, वाफेवर नजर ठेवणे, सगळे यांच्या अंगावर. त्या वर्षी इस्टेटीवर ३१७ गुलाम होते. बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत माणसांचा व्यापार आहे आणि मद्याचाही आहे. ते दोन्ही या एका आवारात गुण्यागोविंदाने नांदत होते, हे नदीकाठी उभे राहून आमच्या डोक्यातून जाईना.

याला जोडून आणखी एक हकिकत आहे, ती आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १७९१ मध्ये अमेरिकेच्या सरकारने दारू गाळण्यावर अबकारी कर बसवला. कराची रचना अशी होती की मोठ्या कारखानदाराला तो गॅलनमागे स्वस्त पडे आणि दोन पोती धान्य गाळणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला महाग. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी भडकले. १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने हे बंड मोडायला सुमारे १३,००० सैनिकांची फौज काढली. आणि तीन वर्षांनी, पदावरून उतरल्यावर, स्वतः मोठी डिस्टिलरी घातली! आम्ही त्यात कारस्थान शोधत नाही. व्यवस्था कशी चालते ते मात्र इथे नागडे दिसते. कायदा करणारा, फौज पाठवणारा आणि मोठी भट्टी लावणारा एकच वर्ग असतो, आणि भट्टीसमोर उभा राहणारा दुसराच.

टेनेसीतल्या निअरेस्ट ग्रीनचे उदाहरण काही वाचकांनी ऐकले असेल. ज्या जॅक डॅनियलच्या नावाची बाटली जगभर विकली जाते, त्या जॅकला व्हिस्की गाळायला शिकवले ते निअरेस्ट ग्रीन या गुलाम माणसाने. ग्रीनच्या घराण्याला आणि त्या भागातल्या लोकांना हे ठाऊक होते. जगाला ते ठळकपणे कळले २०१६ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने छापले तेव्हा. त्यानंतर फॉन वीव्हर या काळ्या उद्योजिकेने ग्रीनच्या नावाने व्हिस्की काढली, २०१९ मध्ये डिस्टिलरी उघडली. दीडशे वर्षे कसब एकाचे आणि लेबल दुसऱ्याचे. आपल्या ढोल-ताशापासून लावणीपर्यंत, कोल्हापुरी चपलेपासून मोहाच्या दारूपर्यंत हे गणित कुणाला नवीन आहे?

आणि आजच्या क्राफ्टचे काय? १९७८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने घरच्या घरी स्वतःपुरती बिअर बनवणे कायदेशीर केले. त्या वेळी देशभरात ब्रुअरींची संख्या शंभराच्या आत आली होती. आज ती ९,००० च्या वर आहे. घरच्या स्वयंपाकघरात आणि गॅरेजमध्ये हात बसलेल्या माणसांनीच यातल्या कितीतरी उघडल्या. म्हणजे राज्याने घरगुती कसबाला एकदा मोकळीक दिली की ते कारखान्यापर्यंत पोहोचते, हे सिद्ध झाले. पण कुणाचे पोहोचते? ब्रुअर्स असोसिएशन या त्यांच्याच संघटनेच्या पाहण्यांमध्ये काळ्या मालकांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास येते. परवाना खुला असला तरी कर्ज देणारी बँक, जागा देणारा मालक आणि कौतुकाने चाखायला येणारे गिऱ्हाईक हे सगळ्यांना सारखे मिळत नाही. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. आपण त्याला जात म्हणतो.

आता आपल्याकडे या. इथे परवाना खुला होण्याचा प्रश्नच आला नाही, कारण इंग्रजांनी भट्टी उचलून ठेकेदाराच्या हवाली केली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून गाळप मोठ्या डिस्टिलरींत आणि मक्तेदारांच्या हातात नेले. १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा आला. ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासीने दारू गाळली तर गुन्हा होताच, आता फुले घरात साठवणेही संशयाचे झाले. दुसरीकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्या १९५२ मध्ये विमुक्त झाल्या, पण जमीन नाही, नोकरी नाही, मग हाताशी उरली ती भट्टी. आणि भट्टी तोवर पुन्हा गुन्हा झाली होती, कारण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला होता. तो कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. कागदोपत्री महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे पुण्याच्या मायक्रोब्रुअरीत बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल?

याच दारूबंदी कायद्याच्या राज्यात अबकारीचे वार्षिक उत्पन्न २०,००० कोटी रुपयांच्या वर गेले आहे. याच राज्याने २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदानाचे धोरण आणले. याच राज्याने २००१ मध्ये द्राक्षापासून वाइन बनवणाऱ्यांसाठी वेगळे सवलतीचे धोरण केले, आणि नाशिकला वाइन टुरिझम सुरू झाले. जून २०२५ मध्ये 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार मंजूर झाला, तो राज्यातल्या उत्पादकांना उभारी देण्यासाठी. द्राक्षाला धोरण, धान्याला अनुदान, आणि काळ्या गुळाला ६५ ई. ज्याच्याकडे द्राक्षबाग आहे तो शेतकरी-उद्योजक, ज्याच्याकडे साखर कारखाना आहे तो सहकारमहर्षी, आणि जिच्याकडे एक ड्रम आहे ती 'अट्टल दारू विक्रेती महिला', वर्तमानपत्रात फोटोसकट.

इथे काही मित्र म्हणतील, तुम्ही हातभट्टीचे उदात्तीकरण करता आहात. अजिबात नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. मिथेनॉल मिसळलेली दारू होती ती. मेले ते हातावर पोट असणारे. वस्तीत काम करणाऱ्या आम्हाला कुणी दारूचे दुष्परिणाम शिकवायला नकोत. महिन्याचा पगार कुठे जातो, शाळा सोडलेली मुलगी कुणाची असते, रात्री कुणाच्या घरातून आवाज येतात, हे आम्ही रोज बघतो. आणि भट्टी लावणारी बाई जिच्या नवऱ्याला विकते, तीही आपलीच असते. 'आडवी बाटली'च्या मतदानात आम्ही नेहमीच बायांच्या बाजूने उभे राहिलो आहोत आणि राहू. पण एक बघा: आडवी बाटली परवान्याच्या दुकानाला लागू होते. तो दुकानदार परवाना दुसऱ्या गावी नेतो, त्याचा धंदा चालूच राहतो. भट्टीवालीला दुसरे गाव नाही. तिच्यासाठी मतदान नसते, थेट कोठडी असते.

मग आपली भूमिका काय? बाबासाहेबांकडे जाऊ. त्यांच्या भूमिकेची दोन टोके आपण नेहमी वेगवेगळी वाचतो, म्हणून गोंधळ होतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी जनसमुदायाला ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली सतरावी दारू न पिण्याची आहे. यात पळवाट नाही. क्राफ्ट असो, देशी असो, मोहाची असो की स्कॉटलंडची. आणि पाच वर्षे आधी, १९५१ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात त्याच बाबासाहेबांनी सरकारी दारूबंदी रद्द करा अशी मागणी केली होती. त्यांचे म्हणणे असे की दारूबंदीने सरकारचे उत्पन्न बुडते, ते पैसे लोकांच्या विकासाला लागले असते. शिवाय बंदीमुळे दारू गाळणे हा घरगुती धंदा बनला. पूर्वी पुरुष गुत्त्यावर जाऊन प्यायचे, आता घरातच गाळली जाते आणि बायकामुलांच्या डोळ्यांसमोर प्यायली जाते.

हा विरोधाभास आहे का? ज्यांना तो वाटतो, त्यांनी शील आणि कायदा यांची गल्लत केली आहे. शील माणूस स्वतः घेतो, स्वतः पाळतो. तो शील घेतो तेव्हा कुणी त्याच्या पाठीवर काठी धरलेली नसते. कायदा सरकार लावते, आणि या देशात सरकारची काठी कुणाच्या पाठीवर आधी पडते हे बाबासाहेबांइतके कुणाला ठाऊक होते? म्हणून त्यांनी आपल्या माणसांना सांगितले की पिऊ नका, आणि सरकारला सांगितले की पोलीस पाठवू नका, पैसे शाळेवर खर्च करा. ही मागणीही त्यांची जुनीच. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी हिशेब मांडला होता: इलाख्यात शिक्षणावर माणशी खर्च १४ आणे, आणि अबकारीतून माणशी वसुली दोन रुपयांच्या वर. लोकांकडून दारूच्या रूपाने जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढेच त्यांचे मागणे होते. जवळजवळ शंभर वर्षे झाली. आपल्या किती संघटनांनी हे मागणे पुन्हा लावून धरले?

आता पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या तरुण मित्रांशी थोडे बोलायचे आहे. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी आहेत, आणि त्यातल्या लांब टेबलांवर आता आपली पोरेही बसतात. त्यांतल्या काहींचा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे: "पिऊ नका हे सांगणं म्हणजे सोवळ्याचं राजकारण. आज दारू, उद्या बीफ. आमच्या आज्याला त्यांनी पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, आम्ही त्यांच्या टेबलावर बसून पितो, ही समता." ऐकायला धारदार आहे. पण तपासून बघू.

दारू न पिणे हे मूळचे ब्राह्मणी सोवळे नव्हेच. सौत्रामणी यज्ञात सुरा होती, सोमाची तर स्तोत्रे आहेत. मद्यापासून दूर राहण्याचे शील सामान्य उपासकांपर्यंत नेले ते बुद्धांच्या धम्माने. पाचव्या शीलातला 'सुरामेरयमज्ज' हा शब्द बघा. विनयाच्या स्पष्टीकरणात सुरा म्हणजे पिठापासून, भातापासून, किण्व घालून केलेली, म्हणजे आजच्या भाषेत बिअरच्या जातीची. मेरय म्हणजे फुलांची, फळांची, मधाची, उसाची. मोहापासून वाइनपर्यंत सगळे त्यात आले. आणि शीलाचे कारण विटाळ हे दिलेले नाही, प्रमाद हे दिले आहे. प्रमाद म्हणजे सावधपण सुटणे. ज्या माणसाला हजारो वर्षे बेसावध ठेवण्यात आले, त्याने सावध राहणे हा सोवळेपणा कसा? आणि टेबलावर बसण्याच्या समतेचे म्हणाल तर टेबल ज्याचे आहे, परवाना ज्याचा आहे, नफा ज्याचा आहे, तो तुमच्या शेजारी बसलेलाच नाही. तुम्ही गिऱ्हाईक झाला आहात. गिऱ्हाईक होण्यात समता असती तर गुत्त्यावर आपले आजोबा कधीच समान झाले असते.

उलट बाजूलाही एक रोग आहे, तो आपल्या विहारांत दिसतो. आपण दारू सोडली म्हणून गाळणाऱ्या वस्तीकडे नाक मुरडणे. कंजारभाट, पारधी यांच्याविषयी आपलीच शिकलेली मंडळी ज्या सुरात बोलतात, तो सूर ऐकला की वाटते, शीलातून निघालेल्या माणसाचा हा सूर नव्हे, हा तर वरच्या आळीतून उसना आणलेला आहे. मद्याचा व्यापार ही सम्यक आजीविका नाही, मान्य. मग त्या बाईला दुसरी आजीविका कोण देणार? धाड टाकणारा हवालदार? मध्य प्रदेशाने आदिवासी बचतगटांना मोहाची दारू परवान्यावर, 'हेरिटेज' म्हणून बनवायला वाट करून दिली. आम्हाला तो मार्ग आपल्या वस्त्यांसाठी नको आहे, कारण आम्हाला त्या बाईच्या नातीच्या हातात बाटली नको, पुस्तक हवे. पण त्या धोरणाने एक गोष्ट उघडी पाडली: गुन्हा पुसून त्याचा परवाना करणे सरकारला सहज जमते. इच्छा असली की एका शासन निर्णयात होते. म्हणजे जे सरकार एका सहीने भट्टीला हेरिटेज करू शकते, ते सरकार भट्टीवालीवरचे जुने किरकोळ खटले मागे घेऊन तिला जमीन, गाळा किंवा भांडवलही देऊ शकते. ते होत नाही, कारण मागायला कुणी जात नाही. मागणे आपले काम आहे.

आणि मागायचे तर आकडे हवेत. आमच्या जिल्ह्यात आम्ही माहिती अधिकाराचे दोन अर्ज तयार केले आहेत. पहिला राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे: जिल्ह्यात देशी-विदेशी दारूची दुकाने, परमिट रूम, मायक्रोब्रुअरी, वाइनरी आणि डिस्टिलरी यांचे परवानाधारक किती, कोण, परवाना मूळ कोणत्या वर्षीचा, आणि त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि विमुक्त-भटक्यांमधले किती. दुसरा अर्ज पोलीस अधीक्षकांकडे: मागच्या पाच वर्षांत दारूबंदी कायद्याखाली किती गुन्हे नोंदले, कोणत्या ठाण्यात किती, अटक झालेल्यांत स्त्रिया किती, आणि त्यांत याच तीन प्रवर्गांतल्या व्यक्ती किती. दोन्ही उत्तरे आली की शेजारी शेजारी छापायची.

जातवार माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, असे ठरलेले उत्तर बहुधा येईल. अशा वेळी अपिलात वेळ घालवण्याआधी परवानाधारकांची नावे असलेली यादी मागून घ्या, ती मिळते. आणि गुन्ह्यांसाठी कुठल्याही तालुक्याच्या वर्तमानपत्राची वर्षभराची फाइल वाचनालयात बसून चाळा. 'गावठी दारू अड्ड्यावर छापा' या मथळ्याखालच्या वस्त्यांची नावे वहीत उतरवून काढा. दोन मुलांचे चार रविवारचे काम आहे. ज्या जिल्ह्यांतल्या शाखा हे हाती घेतील त्यांनी १४ एप्रिलच्या आधी याद्या पूर्ण कराव्यात, म्हणजे जयंतीच्या व्यासपीठावरून पालकमंत्र्यांना निवेदन देताना हातात नुसत्या घोषणा नसतील.